पूर्व आणि पश्चिम एका चित्रात आणली की चिकटवल्यासारखी का दिसतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सहा वर्षं तैलरंगात पोर्ट्रेट करताय, हात बऱ्यापैकी बसलाय, आणि आता दोन परंपरा एकत्र आणायच्या म्हणून एक मोठा कॅनव्हास केलाय. खुर्चीत बसलेली बाई, डावीकडून खिडकीचा उजेड, मागे लघुचित्रातल्यासारखी कमान आणि बाग, वर सोन्याचा वर्ख, आणि सगळ्यावरून शाईचे चिनी वळणाचे दोन-तीन फटकारे. बघणारे 'वा, काय फ्यूजन आहे' म्हणतात, पण तुम्हाला स्वतःला ते स्टिकर लावल्यासारखं वाटतं. आजचे कुठले चित्रकार हे नीट जमवतात, ते नक्की काय करतात, आणि त्यासाठी लघुचित्र या वयात पहिल्यापासून शिकायला हवं का, हे विचारलंय.

तुम्हाला जे खुपतंय ते बरोबर खुपतंय, लोकांच्या वा-वा कडे लक्ष देऊ नका. फोटो बघून पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे एका चित्रात दोन उजेड आहेत. बाईच्या नाकाची सावली गालावर, हनुवटीची गळ्यावर, खुर्चीच्या पायांची जमिनीवर. मागच्या कमानीवर मात्र उजेड कुठूनच पडत नाही, कारण मुघल म्हणा राजस्थानी म्हणा, लघुचित्रात सूर्य असा एका कोपऱ्यात सहसा उभा नसतो, सगळं सगळीकडून सारखंच उजळलेलं असतं, अगदी रात्रीचं चित्र असलं तरी माणसं लख्ख दिसतात आणि रात्र झालीय हे चंद्र, मशाल, काळंनिळं आभाळ यांवरून समजून घ्यायचं. जमिनीचंही तेच. तुमची फरशी मागे जाताना निमुळती होते आणि तिच्या पलीकडची बाग भिंतीवर टांगलेल्या गालिच्यासारखी उभी. आता डोळ्याने कुठं उभं राहायचं? त्यामुळे तो बाईला एका जगात ठेवतो आणि बागेला दुसऱ्या, आणि मधली रेघ कात्रीने कापल्यासारखी दिसते. रंग बदलून, वर्ख वाढवून हे जाणार नाही.

ही अडचण तुमची एकट्याची नाही, जुनी आहे. कास्तिल्योने नावाचा इटालियन जेझुइट (ख्रिस्ती मिशनरी) चित्रकार १७१५ मध्ये चीनला गेला आणि १७६६ मध्ये मरेपर्यंत तिथल्या दरबारात रंगवत राहिला. युरोपातली गडद सावली चेहऱ्यावर टाकली तर ती तिथं चेहऱ्याला मळ लागल्यासारखी वाटायची, म्हणून त्याने चेहरे असे रंगवले की उजेड थेट समोरून येतोय, म्हणजे गोलाई राहिली आणि सावली गेली. बघा, त्याने ड्रॅगन वगैरे काढून चिनीपणा आणला नाही, दिवा हलवला. आणि उलट्या बाजूनेही हेच, होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, १८३१ च्या आसपासची, जिच्याकडे आपण शंभर टक्के जपानी म्हणून बघतो, तिच्यातला निळा हा प्रशियन ब्लू, बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला रंग, आणि लाटेखाली तो एवढासा फुजी दिसतो ती लांब-जवळची युक्ती डच छापचित्रांमधून तिकडे गेलेली. पण कोणाला ते जोडकाम वाटत नाही.

मी स्वतः तीन वर्षं तुमच्यासारखीच चित्रं केली, त्याहून वाईट केली. तैलरंगातला वास्तववादी चेहरा आणि मागे सपाट लाल, सोनं, नक्षी. विकलीही गेली त्यातली काही, त्यामुळे चूक कळायला उशीर झाला. एका ज्येष्ठ बाईंनी प्रदर्शनात बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, 'चेहरा पाहुणा आलाय गं, अजून चप्पल काढली नाहीये त्याने.' तेव्हा राग आला होता. घरी येऊन चित्र उलटं टांगून बघितलं आणि खरंच, चेहऱ्याचा भाग वेगळाच खड्ड्यासारखा आत गेलेला दिसला, बाकी सगळं पुढे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दुसरी परंपरा चित्रात कमान, वर्ख, कमळ, अक्षरं यांतून येत नाही, ती हाताच्या सवयीतून येते, म्हणजे रेघ कशी ओढता, उजेड कुठून आणता, काय रिकामं सोडता, चूक झाल्यावर काय करता. व्हॅन गॉगचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते कारण त्याच्याकडे दोन्ही टप्पे वर्षभराच्या अंतराने दिसतात. १८८७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांच्या तैलरंगात नकला केल्या, पावसातला पूल आणि आलुबुखारचं झाड, आणि कडेला जपानी अक्षरांची चौकट काढली, जी अक्षरं त्याला वाचताही येत नव्हती, दुसऱ्या छापांवरून उचललेली. ती चित्रं गोड आहेत पण ती नक्कलच आहे. पुढच्या वर्षी तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेला, तिथल्या बोरूच्या लेखण्या तासून शाईने शेतं काढायला लागला, आणि त्या रेखाटनांमध्ये एकही जपानी वस्तू नाही, फ्रान्समधलं गवत आहे, गव्हाच्या गंजी आहेत, पण गवताला एक खूण, झाडाला दुसरी, मातीला ठिपके, आभाळ बऱ्याचदा कोरं. सावली जवळजवळ नाहीच. जपान तिथं त्याच्या मनगटात उतरलाय. तुमचा कॅनव्हास सध्या १८८७ मध्ये आहे असं समजा, वाईट जागा नाही ती, पण तिथं राहायचं नसतं.

आता आजच्या चित्रकारांकडे येते. मला विचाराल तर आधी शाहझिया सिकंदर बघा. जन्म लाहोरचा, १९६९. तिथल्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये ती १९८०च्या दशकाच्या शेवटी शिकत होती तेव्हा लघुचित्र म्हणजे पर्यटकांना विकायची जुनी नक्कल असंच बहुतेकांना वाटायचं, हुशार मुलं तिकडे फिरकत नव्हती. तिने बशीर अहमद यांच्याकडे तेच घेतलं, आणि १९८९-९० मध्ये 'द स्क्रोल' नावाचं चित्र केलं जे पाच फुटांहून लांब आहे आणि उंचीला जेमतेम चौदा इंच. हे चित्र जितकं मोठं करून बघता येईल तितकं बघा. एक घर आहे, आडवं उघडून ठेवल्यासारखं, खोल्यांमागून खोल्या, आणि पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी त्यात परत परत दिसते, इथं दारात, तिथं कोपऱ्यात, जवळजवळ पारदर्शक, भूतच जणू, तोंड काही नीट दिसू देत नाही, आणि शेवटी घराबाहेर इझलसमोर उभी राहून चित्र काढताना दिसते. एकच माणूस एकाच चित्रात अनेकदा दाखवायचा, घराच्या भिंती कापून आतलं-बाहेरचं एकदम दाखवायचं, हे जुन्या इराणी पोथ्यांमधलं. पण खोल्या मात्र आजच्या घराच्या, आणि काही ठिकाणी फरशी, जिने युरोपियन पद्धतीने मागे पळतात. म्हणजे तुमच्यासारखंच दोन पद्धतींचं अवकाश एकत्र आहे की नाही? मग ते फाटत का नाही?

कारण सगळं एकाच कातडीचं आहे. हे जरा जवळून सांगते कारण इथंच सगळी मेख आहे. लघुचित्राचा कागद म्हणजे वसली, कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून दाबून वाळवलेले, मग शिंपल्याने किंवा गुळगुळीत दगडाने घोटलेले, इतके की पृष्ठभाग हस्तिदंतासारखा लागतो बोटाला. सिकंदरने त्यावर चहाचं पाणी दिलं, म्हणजे कोऱ्या पांढऱ्याऐवजी सगळ्याखाली एक मंद तपकिरी ऊब आली, तीच भिंतीखाली, तीच मुलीखाली, तीच आभाळाखाली. रंग डिंकात कालवलेला, आणि ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोकाला एखाददुसरा केस. गोलाई आणायची ती सावली ओतून नाही, परदाख्त म्हणतात त्या पद्धतीने, म्हणजे जवळजवळ सुक्या ब्रशने केसाएवढे बारीक फटके शेजारी शेजारी, थरावर थर, तास न् तास. आता गंमत बघा, जिना पळतोय युरोपियन पद्धतीने पण त्याची पायरी परदाख्तने गोल झालीय, मुलगी समजा फोटोवरून घेतलेली असली तरी ती त्याच फटक्यांनी झालीय. डोळा जवळ गेला की त्याला शिवण सापडत नाही. पुढे ती अमेरिकेत गेली, १९९५ मध्ये रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधून एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, केली, मोठ्या भिंतींवर रंगवलं, शाई ओघळू दिली, अॅनिमेशन केलं, त्यात गोपींचे केस सुटून पक्ष्यांच्या थव्यासारखे उडायला लागतात, २०२० मध्ये तर ब्राँझमध्ये युरोपियन व्हीनस आणि आपल्याकडच्या मंदिरातली देवता एकमेकींना बिलगलेल्या केल्या. ते सगळं करायची मोकळीक आली ती त्या पहिल्या वर्षांच्या घोटकामातून असं मला तरी वाटतं, काही जण म्हणतील की नंतरचं काम विस्कळीत आहे, असेल, पण रेघ कुठंही खोटी पडत नाही.

दुसरा चित्रकार चाओ वू-की, २०१३ मध्ये गेला, पण तैलरंगवाल्याला त्याच्याकडून जेवढं शिकता येतं तेवढं क्वचितच कोणाकडून. १९२० मध्ये बीजिंगला जन्म, हांगचौच्या कला विद्यालयात शिकला, १९४८ मध्ये पॅरिसला आला आणि पहिल्याच दिवशी लूव्र संग्रहालयात गेला. पॅरिसमध्ये त्याने काय केलं असेल तर शाईला हातच लावला नाही, वर्षानुवर्षं. चिनी माणूस आहे म्हणून शाईच्या बांबूची अपेक्षा असणार आणि तो शिक्का एकदा बसला की संपलं, हे त्याला कळत होतं. १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पाउल क्ले या युरोपियन आधुनिक चित्रकाराची चित्रं बघितली आणि बारीक खुणांची, चिन्हांची चित्रं करायला लागला, १९५४च्या सुमारास त्या खुणा फार जुन्या काळी हाडांवर कोरलेल्या चिनी अक्षरांसारख्या झाल्या, वाचता न येणाऱ्या, आणि मग त्याही विरघळल्या. १९५०च्या दशकाच्या शेवटापासून त्याने चित्रांना नावंही देणं सोडलं, मागे फक्त पूर्ण झाल्याची तारीख. म्हणजे बघा, तुम्ही फटकारे वरून आणून ठेवले, त्याने अक्षरं झिजवत झिजवत रंगात मिसळून टाकली.

शाईकडे तो परतला १९७१च्या सुमारास, बायको आजारी होती, मोठे कॅनव्हास जमत नव्हते, ती १९७२ मध्ये गेली. आणि शाई परत हातात आल्यावर तैलरंग बदलला, हे मला त्याच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं. त्याच्या साठच्या दशकातल्या चित्रांत मध्ये एक खवळलेला पट्टा असतो, जाड, खरवडलेला, काळ्या तुटक रेघांचा गुंता. नंतरच्या चित्रांत रंग पातळ होतो, धुक्यासारखा पसरतो आणि कॅनव्हासचा मोठा भाग 'रिकामा' राहतो. आता तैलरंगात रिकामं ठेवणं म्हणजे काय हे तुम्ही करून बघितल्याशिवाय कळणार नाही. शाईत पांढरं म्हणजे न शिवलेला कागद, काही केलं नाही की ते तिथं असतंच. तैलरंगात मात्र कोरा कॅनव्हास हा अर्धवट राहिलेला कॅनव्हासच दिसतो, हवा दिसत नाही. तर ती हवा रंगवावी लागते, पातळ थर, पुसणं, परत थर, आणि तरी ती रंगवलेली वाटता कामा नये. १९८५ मध्ये त्याने आय. एम. पेई या वास्तुकारासाठी सिंगापूरच्या इमारतीकरता तीन भागांचं दहा मीटर लांब चित्र केलं, त्याच्या फोटोत मधल्या भागाकडे बघा, मध्य मोकळा सोडलाय आणि वजन कडांना आहे, शाळेत आपल्याला शिकवतात त्याच्या बरोबर उलट.

आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको, बघितले असतीलच. फक्त एवढं लक्षात घ्या की तिथंही सुरुवात लघुचित्रं आणि क्ले यांच्यापासून, मग झेन या बौद्ध पंथाची ओढ, आणि हातात रोलर आणि पॅलेट नाइफ, रंग लावायचा आणि उचलून काढायचा. पूर्वेची एक खूण दाखवा म्हटलं तर त्या चित्रात दाखवता येणार नाही.

बरं, एक चीड आहे ती मधेच काढून घेते. 'पूर्व' असं काही एक नसतं हो. इराणी लघुचित्र बंद रेघेचं, झिलईचं, दागिना घडवल्यासारखं काम, आणि चिनी शाई म्हणजे एका श्वासात फटका, चुकला तर कागद फेकायचा. दोन्हींचा स्वभाव एकमेकांपासून इतका लांब आहे की तैलरंग त्यातल्या कुठल्याही एकाला जास्त जवळचा वाटेल. तुमच्या कॅनव्हासवर कमान आणि फटकारे दोन्ही आहेत, म्हणजे प्रत्यक्षात तीन परंपरा भांडतायत आणि तुम्ही दोन मोजताय. एक सोडा. फटकारे सोडा असं मी म्हणेन, कारण तुमचं पोर्ट्रेटचं हळू, थरांचं काम लघुचित्राच्या स्वभावाशी जुळतं, शाईशी नाही.

साहित्याबद्दलही सांगायला हवं कारण फोटोत शाईच्या कडा फुटलेल्या दिसतायत. सुकलेल्या तैलरंगावर पाण्याची शाई धरत नाही, थेंब होऊन गोळा होते आणि वाळली की पापुद्रा सुटतो, आज ना उद्या पडणारच. अॅक्रिलिक जेसोवर, म्हणजे कॅनव्हासला रंगाआधी देतात त्या पांढऱ्या थरावर, थेट शाई टाकली तरी ती कागदासारखी मुरत नाही, वर थबकते आणि कडा कडक येतात, तो ओला पसरट गुण हवा असेल तर खडू आणि सरसाचा शोषणारा थर द्यावा लागतो. मी एकदा एका मोठ्या चित्रावर हेच सगळं चुकीचं केलं होतं, वर्षभराने मालकाने फोन केला की चित्रातून काळे तुकडे पडतायत खाली. काय सांगणार. तैलरंग पातळ करतानाही जपून, टर्पेन्टाइन फार झालं की रंगाला धरून ठेवणारं तेलच उरत नाही आणि बोट फिरवलं की भुकटी हाताला येते, त्यामुळे पातळ थर खाली, तेलकट थर वर, हा जुना नियम इथंही सुटत नाही. वर्ख तैलरंगावर लावायचा तर खालचा रंग खरंच सुकलेला हवा, वरून सुकलेला वाटतो पण आत महिनोन्महिने ओला असतो, आणि मग वर्ख जिथं नको तिथंही चिकटतो. तुमच्या आभाळात उजव्या कोपऱ्यात तेच झालंय.

लघुचित्र पहिल्यापासून शिकायचं का, तर पूर्ण नाही शिकलात तरी चालेल, पण सहा महिने एखाद्या जाणकाराकडे बसून वसली करा, घोटा, आणि फक्त परदाख्त करा. हात नाही बदलला तर डोळा नक्की बदलेल. वयाचं काही मनावर घेऊ नका, ते काम पाठ आणि डोळे मागतं, तरुण हात मागत नाही. रंगात डिंकाचं प्रमाण तुम्ही चुकवालच, कमी पडला तर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो, आणि हे पुस्तकातून कळत नाही, दहा वेळा चुकवूनच कळतं. बरोबरीने घरी एक करा, एकच साधं भांडं घ्या, आठवडाभर रोज. आज नेहमीसारखं खिडकीच्या उजेडात तैलरंगात, उद्या फक्त बाह्यरेषा आणि आत एकसारखा सपाट रंग, परवा बारीक फटक्यांनी गोलाई पण जमिनीवर सावली नाही, आणि मग ते तिसरं भांडं परत तैलरंगात कॅनव्हासवर. हे शेवटचं करताना रडू येईल. सावली काढून घेतली की भांडं तरंगायला लागतं, आणि मग ते जमिनीवर बसवायला तुम्ही काय काय करता, कड किंचित गडद करता, मागचा रंग बदलता, भांडं थोडं खाली सरकवता, वरून बघितल्यासारखं तोंड उघडं करता, हे सगळे उपाय जुन्या चित्रकारांनी करून ठेवलेत हे तुमच्या लक्षात येईल.

आणि तो कॅनव्हास फाडू नका. फटकारे तसेही सुटतायत, ते हळू खरवडून काढा. मग बाईच्या मागच्या जमिनीवरची सावली घालवा, नाकाची सावली निम्म्याने हलकी करा आणि दिवा समोर आणा, फरशीच्या निमुळत्या रेघा बागेला जिथं भिडतात तिथं दोन फरशा बागेसारख्या उभ्या करून बघा. चेहऱ्याला याहून जास्त सध्या हात लावू नका. साडीचा काठ मात्र सध्या ओल्या ब्रशने वितळवलाय तो कमानीच्या नक्षीएवढ्याच बारीक ब्रशने परत काढा, त्याच ब्रशने, त्याच वेगाने, आणि तो वाळला की चित्र उलटं टांगून मला एक फोटो पाठवा.